फ्रिजमधले आजोबा

सकाळचे साडेसातसुद्धा वाजले नव्हते आणि आमच्या इमारतीच्या जिन्यात तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात एकेक बाटली. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या काखेत एक्स-रेचं पाकीट. एका बाईंनी तर बंद पडलेला मिक्सर उचलून आणला होता, कारण आजोबांना यंत्रांची भाषा कळते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आणि वर, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, एक फ्रिज रडत होता.

रडत होता म्हणजे काय, तर दार उघडलं की त्याच्या आतल्या मागच्या भिंतीवरून पाण्याचे थेंब ओघळायचे, भाजीच्या खणाखाली साचायचे आणि तिथून टपटप फरशीवर पडायचे. हे थेंब म्हणजे त्या घरात महिन्याभरापूर्वी वारलेल्या आजोबांचे अश्रू. शिवाय त्याच भिंतीवर बर्फाची पांढरी दाढी उगवली होती, आणि आजोबांनाही पांढरी दाढी होती. आणखी पुरावा कशाला हवा? आमच्या इमारतीत एवढ्यावर भागतं.

फ्रिजच्या शेजारी खुर्ची टाकून अमृतवाले बसलेले असत. त्यांचं खरं नाव कुणी विचारलं नाही. वर्षभरापूर्वी हेच गृहस्थ दारोदार फिरून पाणी गाळायची यंत्रं विकत होते, तेव्हा लोक त्यांना दाराच्या साखळीआडूनच वाटेला लावत. आता त्यांनी पायापर्यंत झगा आणि कोपरापासून लोंबणाऱ्या बाह्या चढवल्या होत्या, आणि तेच लोक त्यांच्यासाठी उशी आणून देत होते.

"मंडळी!" ते डोळे मिटून सुरू करत. "देह म्हणजे काय? देह म्हणजे प्लग! आत्मा म्हणजे वीज! प्लग काढला म्हणून वीज मरते का?"

"नाही!" जिन्यातून एकसुरात उत्तर यायचं.

बिल थकलं की मरते, एवढं तरी त्या जमावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण म्हणाले सगळे नाहीच.

मग ते फ्रिजचं दार सताड उघडत, उजवा हात बाहीसकट आत घालून दाढीवर ठेवत आणि विचारत, "आजोबा, या ताईंच्या गुडघ्याला उतार पडेल का?" आणि मग फ्रिजच्या पोटातून आवाज यायचा, "हंऽऽऽ."

इथे आजोबांबद्दल सांगायला हवं. त्यांचं बोलणं म्हणजे एका अक्षराचा कारभार होता. जेवलात? हं. बरं वाटतंय? हं. खालच्या मजल्यावर आग लागलीय, ऐकलंत का? हं. एखादी गोष्ट पटली नाही तर ते गप्प बसायचे, एवढाच काय तो फरक. मला ते आवडायचे. त्यामुळे "हं" हा शब्द फ्रिजमधून आला तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांत पाणी यावं हे मी समजू शकते. बाकीच्यांच्या डोळ्यांत का आलं ते मला आजवर कळलेलं नाही.

अमृतवाल्यांचे नियम दोन. फ्रिजला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, मेकॅनिकने तर मुळीच नाही, कारण आत्मा स्क्रूड्रायव्हरला भितो. दुसरा नियम असा की एक "हं" मिळाला की पुढची पाच मिनिटं कुणी काही विचारायचं नाही. आत्म्याला दम लागतो. त्या पाच मिनिटांत फरशीवरचं आणि खणाखालचं पाणी स्पंजने टिपून बाटल्यांत भरलं जायचं, आणि लोक ते प्यायचे. हो, प्यायचे. भाजीच्या खणाखालचं पाणी.

पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडसर या सगळ्याला शास्त्राची जोड देत. चाळीस वर्षं मुलांना पास-नापास केलेला माणूस. जिन्यात उभं राहून ते सांगत, "यात न पटण्यासारखं काय आहे? ऊर्जा नष्ट होत नाही. फक्त रूप बदलते. आजोबांची ऊर्जा फ्रिजच्या गॅसमध्ये गेली आणि गॅस फिरतोय. साधं विज्ञान आहे." त्यांच्या हाताखालून किती मुलं गेली असतील हा विचार मनात आला की मला फार वाईट वाटायचं.

मी कोण, तर मी फ्रिज दुरुस्त करते. तळमजल्यावर माझं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. दुकानात उघडून ठेवलेले कॉम्प्रेसर, रबरांच्या गुंडाळ्या, थर्मोस्टॅटचे डबे आणि एक कायम डुगडुगणारं स्टूल. सव्वीस वर्षांत मी फ्रिजमध्ये झुरळं पाहिली, पैशांची पुडकी पाहिली, एकदा एक जिवंत कासव पाहिलं. आजोबा कधी पाहिले नाहीत.

फ्रिज पहिल्यांदा गळला तेव्हा वहिनी, म्हणजे त्या घरातली सून, माझ्याकडेच आली होती. आजोबांना जाऊन दहा दिवस झाले होते. मी नेमकी बाहेर कामावर होते. ती परत वर गेली, तर दारात हे अमृतवाले उभे. सांत्वनाला आले होते म्हणे. आजोबांनी त्यांना एकदा यंत्र परत करताना "हं" म्हटलं होतं, तेवढी ओळख त्यांना पुरली. त्यांनी ओल्या फरशीकडे पाहिलं, रडून सुजलेल्या बाईकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे त्यांना दर्शन झालं. मी संध्याकाळी हत्यारांची पिशवी घेऊन वर गेले, तर वहिनीने दार अर्धंच उघडलं.

"ताई, नको. बाबा आहेत त्यात."

"अगं, पाण्याचं भोक तुंबलंय. वीस मिनिटांचं काम आहे."

"तुम्ही माझ्या सासऱ्यांना खोलून बघणार?"

मला राग आला. मी म्हटलं, बसा मग पाण्यात, आणि खाली आले. त्यानंतर तीन आठवडे मी माझ्या स्टुलावर बसून हसत होते. पाच मिनिटांचा नियम कानावर आला तेव्हा तर पोट धरून हसले, कारण फ्रिजच्या धंद्यातल्या कुणालाही तो ऐकताक्षणी अर्थ लागेल. का, ते पुढे येईलच. पण मी वर गेले नाही. मूर्खांना मूर्खपणाचं फळ मिळू दे, असं मी शेजारच्या बेकरीवाल्याला म्हटल्याचं मला पक्कं आठवतं. फळ कुणाच्या पदरात पडणार आहे याचा विचार मी केला नव्हता.

त्या घरात अकरा वर्षांची एक मुलगी आहे. तिला तीन वर्षांपासून मधुमेह आहे, लहान मुलांना होतो तो. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते सुईने द्यावं लागतं, रोज, चार वेळा. दिलं नाही तर ती जगत नाही. यात कमी-जास्त असं काही नसतं.

एका दुपारी ती शाळेचं दप्तर घेऊन माझ्या दुकानात शिरली.

"मावशी, पाणी आहे?"

मी तांब्या दिला. तिने तो खाली ठेवला नाही, सगळा संपवला. मग म्हणाली, "अजून."

"घरी पाणी नाही का गं?"

"घरी रांग आहे."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. गालाची हाडं वर आली होती, गणवेश खांद्यावरून ओघळत होता. ओठ कोरडे पडले होते. तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता.

"आई सुई देते ना वेळेवर?"

"देते. घड्याळ लावून देते. डॉक्टरबाईंनी दोनदा डोस वाढवला, तरी साखर चारशेच्या खाली येत नाही." तिने हे गणिताचे मार्क सांगावेत तसं सांगितलं. "पण परवापासून बंद करायची आहे. आजोबा हं म्हणाले."

"औषध कुठे ठेवता?"

"फ्रिजमध्ये. आधी दारात असायचं. आता अगदी मागे असतं, दाढीला टेकून. अमृतवाले म्हणाले, आजोबांचा हात लागला की ताकद वाढते."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"ते गोठतं का गं? खरं सांग."

"सकाळी कडक असतं," ती म्हणाली. "आई मुठीत धरून बसते. वितळलं की टोचते."

इन्सुलिन एकदा गोठलं की त्याचा भरवसा संपला. वितळलं तरी ते पुन्हा औषध होत नाही. हे मला डॉक्टर नसूनही माहीत आहे, कारण औषधांच्या दुकानांचे फ्रिज मीच बघते आणि तिथे प्रत्येक खोक्यावर ते छापलेलं असतं. तीन आठवडे ती बाई घड्याळ लावून पोरीला निकामी पाणी टोचत होती आणि मी खाली बसून हसत होते.

मी दुकान उघडं टाकून तिला स्कूटरवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी बोटाला टोचून रक्त पाहिलं, लघवी तपासली आणि स्वतःच्या फ्रिजमधली नवी बाटली काढली. सलाइन लावलं. वडिलांना फोन केला, ते बस चालवतात, गाडी डेपोत टाकून धावत आले. वहिनीही आली. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "औषध गोठलं होतं का?" वहिनीला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "बाबांच्या जवळ ठेवलं होतं."

रात्रभर वडील पोरीजवळ बसले. सकाळी वहिनी तिचे कपडे आणायला घरी निघाली, तेव्हा मी पिशवी उचलली आणि बरोबर चालू लागले. या वेळी मी तिची परवानगी मागितली नाही.

स्वयंपाकघरात नेहमीसारखी सभा भरली होती. घरातली मुलगी दवाखान्यात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी घरी गेलं नव्हतं. वहिनीला पाहताच अमृतवाल्यांनी दोन्ही हात पसरले.

"आली! माउली आली! घाबरू नकोस. पोरीच्या देहातलं विष बाहेर निघतंय. याला आम्ही शुद्धीकरण म्हणतो. दवाखान्यातून तिला घेऊन ये. सुया बंद. अश्रुजल चालू. तीन दिवसांत पोर उड्या मारेल."

"शरीराची स्वतःची एक बुद्धी असते," हेडसर मागून म्हणाले.

वहिनी कपड्यांची पिशवी हातात धरून उभी होती. तिने रात्रभर डोळा लावला नव्हता. डॉक्टर एक सांगते, मेलेले सासरे दुसरं, आणि मधे तिची पोर. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनेच हात वर केला.

"मला बाबांना विचारायचंय," ती म्हणाली. "माझ्यासमोर विचारा. सुई बंद करू का?"

अमृतवाल्यांचा चेहरा खुलला. दार उघडलं, बाही आत गेली, डोळे मिटले. "आजोबा, तुमच्या नातीची सुई बंद करायची का?"

"हंऽऽऽ," फ्रिज म्हणाला. जमावाने सुस्कारा सोडला.

"आता विचारा, चालू ठेवू का?"

त्यांनी विचारलं. बाही किंचित हलली. आवाज थांबला.

"पाहिलंस?" अमृतवाले म्हणाले. "स्पष्ट उत्तर."

मी वहिनीच्या कानाशी म्हटलं, "पहिला प्रश्न पुन्हा विचार. आत्ताच्या आत्ता."

"सुई बंद करू का?" वहिनी म्हणाली. "पुन्हा एकदा विचारा."

"पाच मिनिटं, माउली. आत्म्याला दम..."

"माझी मुलगी दवाखान्यात आहे." वहिनीचा आवाज चढला. "मला पाच मिनिटं नाहीत. बाबांना दहादा विचारलं तरी ते दहादा हं म्हणायचे. कधी दम लागला नाही त्यांना. विचारा!"

जिन्यातले लोक आत डोकावू लागले. एवढ्या माणसांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी डोळे मिटले, प्रश्न विचारला आणि बाही हलली. फ्रिजच्या मागून "हुं" असा अर्धवट आवाज आला आणि लगेच "टक्". मग काहीच नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा काही नाही. कपाळावर घाम आला.

"रुसले," ते म्हणाले.

"रुसले नाहीत, दाब उतरलेला नाही," मी म्हटलं आणि पुढे जाऊन त्यांची बाही कोपरापर्यंत वर सारली. त्यांची बोटं दाढीवर नव्हतीच. बल्बशेजारच्या गोल बटणावर होती.

"हे थर्मोस्टॅटचं बटण," मी जमावाला म्हटलं. "तुमच्या प्रत्येकाच्या घरी आहे. शेवटच्या आकड्याकडे फिरवलं की मोटर सुरू होते. तिला आपण कॉम्प्रेसर म्हणतो, हे आजोबा म्हणतात. शून्यावर आणलं की बंद. हा झाला होकार आणि नकार. पण बंद केलेली मोटर लगेच सुरू होत नाही. आत गॅसचा दाब असतो, तो उतरायला चार-पाच मिनिटं लागतात. तोवर बटण फिरवलं तर मोटर धडपडते, आणि ती जळू नये म्हणून तिच्या अंगाला लावलेला एक छोटा कटआउट 'टक्' करून वीज तोडतो. आत्म्याला दम लागत नाही. मोटरला लागतो."

"हे तुमचं पुस्तकी ज्ञान आहे, भगिनी!" अमृतवाले ओरडले. "जिथे तुमचं विज्ञान संपतं..."

"माझं विज्ञान अजून सुरूही झालं नाही. बाजूला व्हा."

मी भाजीचा खण ओढून काढला. मागच्या भिंतीच्या तळाशी एक पन्हळ असते आणि पन्हळीच्या मधोमध एक भोक. भिंतीवर जमलेला ओलावा वितळून त्या भोकातून मागच्या ट्रेमध्ये जातो आणि मोटरच्या उष्णतेने वाळून जातो. चांगल्या फ्रिजमध्ये हे रोज होतं, म्हणून तुम्हाला दिसत नाही. मी वाकलेल्या तारेने भोक उकरलं. पहिल्यांदा बाहेर आला तो मेणाचा गोळा, बोटाने दाबून बसवलेला, अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता. त्याच्याखालून आला बाटलीच्या लेबलाचा कुजलेला तुकडा.

"हा कागद आपोआप गेला," मी म्हटलं. "आजोबा वारल्यावर दहा दिवसांनी फ्रिज गळला तो याच्यामुळे. तो एक-दोन आठवड्यांत कुजून सुटला असता आणि दुःख थांबलं असतं. म्हणून कुणीतरी वर मेण बसवलं. अंगठा कुणाचा आहे ते मी सांगत नाही. ज्याचा आहे त्याने मुठी आवळल्या आहेत."

सगळे मुठींकडे पाहू लागले.

"पण पाणी?" बेकरीवाला म्हणाला. त्याने चार बाटल्या नेल्या होत्या. "एवढं पाणी येतं कुठून? फ्रिजमध्ये कुणी पाणी ओतलेलं नाही. मी स्वतः पाहिलंय."

मी फ्रिजमधून स्टीलचा एक गार पेला काढला, कोरडा पुसला आणि ओट्यावर ठेवला. "बघत राहा," म्हटलं. दोन मिनिटांत पेल्याच्या अंगावर दवासारखा ओलावा आला, मग थेंब झाले, मग एक थेंब खाली ओघळला.

"या पेल्यात कोण रडतंय?" मी विचारलं. "पेल्याचे आजोबा?"

"हवेत वाफ असते. गार वस्तूला लागली की तिचं पाणी होतं. आणि या खोलीत इतकी वाफ कुठून आली? चाळीस माणसं सकाळपासून दाटीवाटीने उभी राहून श्वास टाकतायत, घाम गाळतायत. दर पाच मिनिटांनी दार सताड उघडलं की ती सगळी ओल आत जाते आणि भिंतीवर बसते. जाताना हे गृहस्थ बटण शेवटच्या आकड्यावर सोडून जातात, म्हणजे सकाळी दाढी तयार. दार उघडलं की दाढी वितळते. जेवढी गर्दी जास्त तेवढे अश्रू जास्त. तुम्ही एकमेकांच्या तोंडची वाफ आणि घाम बाटलीत भरून नेलात आणि सकाळी उपाशीपोटी प्यायलात."

मिक्सरवाल्या बाई उठून मोरीकडे धावल्या. हेडसरांनी आपली बाटली हळूच खुर्चीखाली सरकवली आणि चष्मा पुसू लागले. "संघनन," ते पुटपुटले. "आम्ही शिकवायचो ते. सहावीला."

"मग तुमच्यासमोर रोज घडत होतं तेव्हा आठवलं का नाही?" मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसणं चालूच ठेवलं.

मी मागच्या भिंतीला तापमापक टेकवला आणि सगळ्यांना दाखवला. शून्याखाली चार. तिथेच, बर्फात अर्ध्या रुतलेल्या, इन्सुलिनच्या दोन बाटल्या होत्या. मी एक सोडवून वहिनीच्या हातात दिली. ती आत दगडासारखी घट्ट होती. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, गोठू देऊ नये.

वहिनीने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग अमृतवाल्यांकडे वळली.

"इथे ठेवायला तुम्ही सांगितलंत."

"श्रद्धेने ठेवलं असतंस तर..."

"मी श्रद्धेनेच ठेवलं!" ती किंचाळली. "रोज श्रद्धेने ठेवलं आणि रोज श्रद्धेने टोचलं! माझी पोर वाळत गेली आणि तुम्ही मला म्हणालात विष निघतंय!"

त्या माणसाला शेवटपर्यंत शरम वाटली नाही. ते उठले, झगा सावरला आणि जाहीर केलं, "अपमान झाल्यामुळे आजोबा या घरातून निघून गेले आहेत." पाच मिनिटं केव्हाच उलटली होती. मी बटण फिरवलं. "हंऽऽऽ," फ्रिज म्हणाला.

बेकरीवाला आधी हसला. मग जिना हसायला लागला. त्या हसण्यातून वाट काढत अमृतवाले खाली उतरले. त्यांच्या मागोमाग चारजण गेलेच, पत्ता विचारायला. तुम्हाला वाटत असेल असा माणूस उघडा पडला की संपतो. तो संपत नाही, दुसऱ्या इमारतीत जातो. खात्रीने सांगते, तिथेही एक फ्रिज असेल.

मी बर्फ वितळवला, कोमट पाणी सोडून भोक साफ केलं, दाराचं रबर पुसलं, बटण मधल्या आकड्यावर आणलं. वीस मिनिटं लागली. वहिनी तेवढा वेळ ओट्याला टेकून उभी होती. निघताना तिने फ्रिजच्या दाराला हात लावला आणि विचारलं, "म्हणजे ते कधीच नव्हते ना यात?"

"नाही गं."

"मी रोज त्यांच्याशी बोलायचे," ती म्हणाली आणि रडायला लागली. अमृतवाले घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती मोकळेपणाने रडत होती. एरवी चाळीस माणसांसमोर फ्रिजच तिच्या वाटचं रडत होता.

दुपारी दवाखान्यात मुलीची साखर एकशे ऐंशीवर आली होती. ती उशीला टेकून बसली होती आणि भूक लागली म्हणत होती. डॉक्टरबाईंनी वहिनीला आणि मला बाहेर बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या की गोठलेल्या औषधात थोडाफार जीव उरला असावा, म्हणून पोर तीन आठवडे टिकली. उद्यापासून तेही बंद झालं असतं तर तीन दिवसांत उड्या मारणं दूर, चौथा दिवस तिने पाहिला नसता.

वहिनी बाकावर बसली. ती म्हणाली, "मी एकही वेळ चुकवली नाही, ताई. माझं कुठे चुकलं?"

तिला मी काय सांगणार? खोक्यावरची अक्षरं वाचायची सोडून तिने एका झग्याचं ऐकलं, हे खरं आहे. पण ती दुःखात होती. मी दुःखात नव्हते. मला पाच मिनिटांचं गुपित पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मला ते सांगता आलं असतं, जिन्यात उभं राहून, ओरडून, रोज. मी त्यांना मूर्ख म्हणून मोकळी झाले आणि त्यालाच शहाणपण समजले. हे मी तिला तिथेच, बाकावर, सांगितलं. तिने सरकून मला बसायला जागा केली.

म्हणून तुम्हाला सांगते. फ्रिजमधून पाणी आलं तर भोक साफ करा. बर्फ साठला तर बटण आणि दाराचं रबर बघा. औषध मागच्या भिंतीला टेकवू नका, आणि खोक्यावर काय छापलंय ते वाचा. कुणी म्हणालं याला हात लावू नका, प्रश्न विचारू नका, पाच मिनिटं थांबा, तर आधी त्याची बाही वर करा. आणि तुम्हाला युक्ती कळली असेल तर घरात बसून हसू नका. उठा, जिना चढा आणि सांगा, कारण वर कुणीतरी घड्याळ लावून आपल्या पोरीला ते पाणी टोचत असतं.